नाजिलेमच्या हातावरची दुसरी रेघ

त्या वर्षी जखमींना मागे न्यायला आमच्या तुकडीकडे तीन पिकअप गाड्या होत्या. एक सुरुंगावर गेली, दुसरीचा गिअरबॉक्स वाळूत बसला, आणि तिसरी माझी. म्हणून हे सगळं माझ्या वाट्याला आलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही. माझ्या वाट्याला फक्त गाडी आली होती. बाकीचं मी केलं.

मी केलेई, उत्तरेच्या वाळवंटातल्या फायाचा. युद्धाआधी मी खजुराचे ट्रक चालवायचो. वाळू कुठे धरते आणि कुठे गिळते हे मला डोळे मिटून कळायचं, म्हणून सैन्यात घेताना त्यांनी माझ्या हातात बंदूक दिलीच नाही, किल्ली दिली. माझा मावसभाऊ तोगोई मात्र बंदूक घेऊन आला होता. त्याचे दोन्ही थोरले भाऊ आधीच लढाईत मेले होते. तो निघाला त्या दिवशी आश्ता मावशीने त्याचं मनगट धरून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "ह्याला परत आण. मला दुसरं काही नको." या बाईने माझी आई गेल्यावर मला चार वर्षं वाढवलं होतं. मी मान हलवली.

एन्नेदीच्या डोंगरांच्या पायथ्याशी एक विहीर होती, तिच्यासाठी दोन दिवस लढाई झाली. विहीर आम्हाला मिळाली. अकरा जखमी बाभळींखाली सावलीत ओळीने ठेवले होते. इस्पितळाचे तंबू कालाइतला, दिवसभराच्या वाटेवर. तिथून विमान राजधानीला न्यायचं. पण शत्रूची विमानं दिवसा फिरत, आणि वाळवंटात हलणारी गाडी वरून लपत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी वारा सुटला. समोरचा माणूस दिसेना इतकी धूळ उठली. कमांडर चाहामी तोंडावरचा फडका बाजूला करून म्हणाला की वारा आहे तोवर विमानं उडणार नाहीत, जेवढे मावतील तेवढे घे आणि नीघ, मग दुसऱ्या फेरीला ये.

गाडीत चारजण आडवे मावायचे. कोणते चार, हे ठरवायचं काम अल्लारासेमचं.

अल्लारासेम डॉक्टर नव्हता. मुंदूच्या इस्पितळात ड्रेसिंग करणारा, इंजेक्शनं देणारा माणूस, तिथून उचलून त्याला आमच्यात पाठवला होता. आमच्याकडची पोरं त्याला 'कापूस डॉक्टर' म्हणायची, कारण तो दक्षिणेचा, कापसाच्या मुलखातला, आणि कापूस मात्र त्याच्याकडे कधी पुरायचा नाही. तो हसायचा. चिडवणाऱ्याच पोरांना गोळी लागली की त्याच्या अंगरख्याला धरून रडताना मी पाहिलं आहे.

त्याची एक पद्धत होती. जखमांना लावायचं जांभळं औषध असतं, त्यात काडी बुडवून तो प्रत्येकाच्या हाताच्या पाठीवर रेघ काढायचा. एक रेघ म्हणजे पहिल्या फेरीत जाणार. दोन रेघा म्हणजे थांबू शकतो. ज्यांना नेऊन उपयोग नव्हता त्यांच्या हातावर तो काहीच काढायचा नाही. त्यांच्याजवळ एकेक माणूस बसवायचा. उचलणाऱ्या दोघा शिपायांना वाचता येत नव्हतं, पण रेघा मोजता येत होत्या.

त्या सकाळी एक रेघ चौघांच्या हातावर होती. त्यातला एक नाजिलेम.

नाजिलेमला मी चांगला ओळखत होतो. तोही दक्षिणेचा, कुम्राजवळच्या गावचा. मागच्या महिन्यात माझ्या गाडीची दोन चाकं एका दुपारी फुटली तेव्हा न सांगता येऊन बसला आणि टायर काढता काढता मला विचारत राहिला की तुमच्याकडे पाऊस नाही, झाडं नाहीत, मग तुम्ही भांडता तरी कशासाठी. मी म्हटलं, खजुरासाठी. तो म्हणाला, "खजूर बाजारात मिळतो की रे." त्याला पोटात तुकडा लागला होता. पोट फळीसारखं घट्ट झालं होतं. अल्लारासेमने मला आधीच सांगून ठेवलं होतं की याला आज संध्याकाळपर्यंत ऑपरेशनच्या टेबलावर घ्यायला हवं.

तोगोईला मांडीतून गोळी आरपार गेली होती. हाड शाबूत होतं, रक्त थांबलं होतं. त्याच्या हातावर दोन रेघा होत्या.

मी रेडिएटरमध्ये पाणी ओतत होतो तेव्हा त्याने मला हाक मारली. जवळ गेलो तर माझी बाही धरली. ताप चढला होता, दात वाजत होते. म्हणाला, "केलेई, मला इथे टाकून जाऊ नकोस. दुसरी फेरी वगैरे काही होत नसते. तुलाही माहितीये." मी त्याला समजावलं की तुझी जखम साधी आहे. तो ऐकेना. "आईला काय सांगशील?" एवढंच म्हणत राहिला.

अल्लारासेम आमच्याकडे पाठ करून एका शिपायाच्या पायावर वाकला होता. रक्ताची नस बोटांत धरून ठेवलेली, त्यामुळे त्याला उठता येत नव्हतं. औषधाची बाटली फांदीला टांगलेली होती, काडी तिच्यातच.

मी विचार केला, मग केलं, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. मी बाटली काढली, नाजिलेमपाशी गुडघ्यावर बसलो आणि त्याच्या हातावर पहिल्या रेघेशेजारी दुसरी रेघ काढली. वाऱ्याने काडी हलत होती. रेघ जाड आली.

नाजिलेम जागा होता. त्याने हात वर करून पाहिला.

"ही कशाची?"

"दुसऱ्या फेरीची."

त्याने डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाला, "फेरीला तूच येशील ना? तो दुसरा नको, फार आदळतो."

"मीच येईन."

"मग लवकर ये."

दुसरा ड्रायव्हर कुणी उरलाच नव्हता, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी बाटली पुन्हा टांगली. उचलणाऱ्यांनी एक रेघवाले तिघे आणून ठेवले आणि चौथा शोधू लागले. मी म्हटलं, तिघेच आहेत, एक जागा रिकामी जातेय, हा माझा भाऊ हलका आहे, याला ठेवा. त्यांनी ठेवला. अल्लारासेमने मान न वळवता ओरडून विचारलं, भरली का गाडी. मी भरली म्हणून सांगितलं आणि निघालो.

वाटेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. धुळीत मी चाकांच्या जुन्या खुणा धरून गेलो. दोनदा अडकलो, दोनदा चाकांखाली पत्रे सारून निघालो. एकजण दुपारी गेला. बाकीचे दोघे आणि तोगोई पोचले. पाठीमागून तोगोई अधूनमधून मला हाक मारायचा, मी आहे का बघायला. मी दर वेळी ओ देत होतो.

संध्याकाळी कालाइतला पोचलो तर मावशी तिथेच. मुलगा लढाईवर आहे म्हणून ती महिन्यापासून तंबूंच्या कडेला नातलगांकडे येऊन राहिली होती. तिने तोगोईला पाहिलं, मग माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.  मग उठून बकरं कापायला सांगितलं.

वारा तोवर पडला होता. तिथला अधिकारी म्हणाला की आकाश मोकळं झालंय, विमानं पुन्हा उडतील, उद्या दिवस कलला की जा, घाई करून गाडी घालवू नकोस. त्याचं बरोबरच होतं. पण रात्रीचा अंधार पुढे पडला होता, दिवे न लावता मी ती वाट कितीतरी वेळा गेलो होतो, आणि हे त्या अधिकाऱ्याला माहीत नव्हतं, मला होतं. मी काही बोललो नाही. हात धुऊन ताटावर बसलो. मावशी चांगले चांगले तुकडे माझ्याकडे सरकवत होती, मी खात होतो. भूक लागली होती. मग झोपलो, आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत झोपलो. तोगोईला घेतलं, ते एक वेळ कुणी समजून घेईल. आपल्या माणसासाठी कुणीही हे केलं असतं असं लोक म्हणतील. या झोपेला मात्र मला आजवर कोणतंही नाव सापडलेलं नाही.

दिवस कलल्यावर निघालो. उजाडता उजाडता विहिरीपाशी पोचलो.

नाजिलेम आदल्या संध्याकाळी गेला होता. त्याला अजून पुरलं नव्हतं, अंगावर पोतं टाकलं होतं. अल्लारासेम शेजारी बसला होता. मी गाडीतून उतरलो तरी तो उठला नाही. त्याने पोत्याखालून नाजिलेमचा हात काढून मला दाखवला.

"बघ. दोन रेघा."

मी पाहिलं.

"मी एक काढली होती," तो म्हणाला. "एकच काढली असं आठवतंय मला. पण आहेत दोन. म्हणजे मीच काढल्या. ह्याचं पोट मी स्वतः दाबून बघितलं होतं, केलेई, आणि दोन काढल्या." दिवसभर नाजिलेम गाडीच्या आवाजाची चौकशी करत होता, हेही त्याने सांगितलं. मग स्वतःचे दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून त्यांच्याकडे बघत बसला.

तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. आणि म्हणालो, "तीन दिवस झोप नाही तुम्हाला, डॉक्टर. कुणाच्याही हातून होतं." गाडीतून पाणी आणून त्याला पाजलं. त्याने माझा खांदा धरला आणि रडला.

युद्ध संपलं. मी पुन्हा खजुरावर आलो. तोगोई राजधानीत दुकान टाकून बसला, लग्न केलं, थोरल्या मुलाला माझं नाव दिलं. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला तो लोकांना सांगायचा की हा माणूस नसता तर मी विहिरीपाशी सडलो असतो. लोक माझ्याकडे वळून बघायचे. मावशी मरेपर्यंत माझ्यासाठी दुवा मागत राहिली. मी लग्नांना उशिरा जाऊ लागलो, मग जाणं सोडलं. बायको म्हणायची, तुला गर्दी सोसत नाही. मी म्हणायचो, हो.

बावीस वर्षांनी एकदा माल पोचवून तोगोईच्या घरी उतरलो होतो. तो जखमी सैनिकांच्या पेन्शनच्या कचेरीतून आला, पाय लांब करून बसला आणि चहाचा पहिला पेला माझ्यापुढे ठेवत म्हणाला की आज रांगेत कुम्राकडचा एक माणूस भेटला. त्याने एक गोष्ट सांगितली. आपल्या आघाडीवर तो नर्स होता ना, कापूस डॉक्टर, तो तिकडे आपल्या गावी परत गेल्यावर त्याने सुई हातात धरली नाही. लोक पंधरा किलोमीटरवरच्या दवाखान्यात अडलेल्या बाळंतिणी खाटेवर घालून नेतात, त्याच्या दारावरून नेतात, पण तो बाहेर येत नाही. एका रेघेने माणूस मारला मी, असं म्हणतो. मेलेल्याच्या गावी स्वतः जाऊन सांगून आला. त्यांनी पुन्हा पाऊल ठेवू नकोस म्हटलं, तेव्हापासून त्या गावावरून जायचा रस्ताही टाळतो.

तोगोईने जीभ टाळ्याला लावून आवाज केला. "बिचारा. नशीब माझं, माझ्या हातावर त्याची चूक झाली नाही."

मी पेला खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. मधे थांबलो असतो तर पुन्हा बोलता आलं नसतं, म्हणून थांबलो नाही. रेघ, बाटली, नाजिलेम काय म्हणाला, बकरं, झोप, आणि नंतर मी अल्लारासेमला काय म्हणालो ते.

तोगोईने आपल्या मांडीवरच्या जुन्या जखमेवर हात ठेवला. मग विचारलं, "मी मेलो नसतो?"

"नाही. थांबू शकत होतास."

"आणि मी बावीस वर्षं लोकांना सांगत फिरलो."

 तो म्हणाला, "माझ्या तोंडून तू हे वदवून घेत होतास, केलेई. दर लग्नात. निदान मला तरी थांबवायचंस." मग बायकोला हाक मारून चहा न्यायला सांगितलं. उठून आत जाताना म्हणाला, "सकाळची बस आहे. जा त्याच्याकडे. मी येणार नाही, मला तोंड नाही त्याच्यापुढे जायला. आणि ते तू केलंयस."

कुम्राला पोचायला दोन दिवस लागले. तिकडे आंब्यांना फळं धरली होती. अल्लारासेमचं घर गावाबाहेर, वेचलेला कापूस आत रचलेला. तो म्हातारा झाला होता, केस पांढरे. मला त्याने ओळखलं, एवढंच नाही, आनंदाने उठला. बायको नेलुम्ता हिला म्हणाला, हा तो केलेई, त्या दिवशी मला पाणी देणारा. मला वाटलं होतं त्यापेक्षा हे कठीण झालं. तिने चटई टाकली, शेंगदाणे ठेवले. मी त्यांना हात लावला नाही. बसल्याबसल्या सांगून टाकलं.

तो मधे एकदाच बोलला. "दुसरी रेघ जाड होती," म्हणाला. "मला तेव्हाच दिसलं होतं. माझी रेघ बारीक असते. मी म्हटलं, थकव्याने हात दाबला गेला असेल."

माझं संपल्यावर त्याने बायकोला बोलावलं आणि मला म्हणाला, "हिला सांग."

मी पुन्हा सांगितलं. ती उभ्यानेच ऐकत होती. अर्धं ऐकून झालं तेव्हा खाली बसली. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. इतकंच म्हणाली की आमचं दुसरं बाळ याच घरात तापाने गेलं, इंजेक्शन घरात होतं, ह्यांनी दिलं नाही, हात उचलला नाही म्हणून मी शेजारणीला बोलवायला धावले. मग उठून मागच्या अंगणात गेली. तिच्या रडण्याचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता. अल्लारासेम तिच्या मागे गेला नाही.

मला वाटलं तो मला मारेल. मारावं असंही वाटत होतं. तो म्हणाला, "रेघ काढलीस ती मला समजते. भाऊ होता. माझा असता तर मीसुद्धा बाटलीकडे बघितलं असतं. पण मी तुझ्या खांद्यावर रडलो, केलेई. आणि तू मला धीर दिलास."



दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मोटरसायकल काढली आणि मला मागे बस म्हणाला. नाजिलेमच्या गावाकडे जाणाऱ्या फाट्यावर तो क्षणभर थांबला, मग आत वळला. नाजिलेमचा थोरला भाऊ तोलंगार अंगणात बाजरी पाखडत होता. अल्लारासेमला पाहून त्याने सूप खाली ठेवलं आणि कुंपणाशी येऊन उभा राहिला, आत येऊ नये अशा बेताने. अल्लारासेम कुंपणाबाहेरूनच म्हणाला की याच्याकडून ऐक, मग मी जातो.

तिसऱ्यांदा सांगताना सोपं जाईल असं वाटलं होतं. गेलं नाही. तोलंगारने एकच गोष्ट दोनदा विचारली. "लवकर ये म्हणाला? हेच शब्द?" मी म्हटलं, हेच. "आणि तू जेवलास." जेवलो, झोपलो. तो मान हलवत राहिला, कुणाची लांबची हकिगत ऐकताना हलवावी तशी. मग आत जाऊन एक पाट आणला, कुंपणाचं फाटक उघडलं आणि अल्लारासेमला हाताला धरून आत नेऊन त्यावर बसवलं. त्याच्या म्हाताऱ्या आईला बाहेर आणलं, तिला आता दिसत नव्हतं. तिच्या कानाशी वाकून तोलंगार काहीतरी सांगत होता आणि ती हाताने चाचपत अल्लारासेमचा चेहरा शोधत होती. ते आपसात बोलत ती भाषा मला येत नव्हती. मला कुणी आत ये म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. मी मोटरसायकलपाशी उन्हात उभा राहिलो. दुपार टळेपर्यंत.

अल्लारासेमने मला परत कुम्राच्या बसथांब्यावर आणलं. बस लागली होती. कंडक्टर हाका मारत होता तरी मी पायरीवर थांबलो, कारण एक प्रश्न मी राजधानीपासून बरोबर आणला होता, खरं म्हणजे विहिरीपासून.

"डॉक्टर, त्या दिवशी नेला असता तर तो वाचला असता का?"

त्याने मोटरसायकलच्या टाकीवरची धूळ तळहाताने पुसली. मला वाटलं, त्याला दया येईल आणि तो नाही म्हणेल.

"माहीत नाही," तो म्हणाला. "मी रोज विचारायचो स्वतःला. कालपासून विचारलं नाही."

मग त्याने गाडी सुरू केली आणि बस हलायच्या आधीच निघून गेला.